ॲक्सल ऐकणारा ईनॉक

ईनॉक बर्टल्स मला कधीच आवडला नाही. हे आधीच सांगून टाकतो. चौदा वर्षं त्याने माझं काम तपासलं आणि त्यात माझे दोनशेच्या वर ॲक्सल परत पाठवले. उगाच पाठवलेले त्यात चार-पाच निघाले असतील. बाकी सगळ्यांत दोष होता. त्याचाच राग जास्त येतो.

आमचा कारखाना थॉर्नली गाड्यांचा. गाव इंग्लंडात, चेशरमधलं, अर्धं रेल्वेचं, अर्धं आमचं. थॉर्नलीचा मालक मागे बसतो, पगारी ड्रायव्हर पुढे. या गाडीचं सगळं नाव तिच्या शांतपणावर उभं होतं. इंजिन जाड रबरावर बसवलेलं, पत्र्याला आतून डांबर आणि लोकरीचा नमदा लावलेला, दारांना दुहेरी रबर. वरच्या मजल्यावरचे नकाशे काढणारे साहेब एकेक आवाज मारत गेले, आणि एकेक आवाज मेला तसा उरलेला मोठा झाला. शेवटी उरला मागचा ॲक्सल, नेमका मालकाच्या बुडाखाली. तो आमच्या खात्याच्या गळ्यात पडला.

लांब दांड्यावरून आलेलं फिरणं काटकोनात वळवून मागच्या दोन चाकांना द्यायचं, एवढंच ॲक्सलचं काम. ते एक मोठं दातेरी चाक आणि एक लहान, म्हणजे क्राऊन आणि पिनियन, मिळून करतात. दोन्ही एकमेकांत किती खोल बसवायची, हे ठरवायला पातळ चकत्या घालायच्या. त्यांना शिम म्हणतात. दातांना रंग फासायचा, हाताने फिरवायचं, ठसा कुठे उमटतो ते बघायचं, उघडायचं, एक शिम काढायची, दुसरी घालायची, पुन्हा बसवायचं. एक ॲक्सल म्हणजे अख्खा दिवस. दोन हजारांश इंच चुकलं तर ताशी चाळीस मैलांच्या आसपास ड्रायव्हरने पाय उचलला की गाडी कण्हायची. मागे बसलेला लॉर्ड वर्तमानपत्र खाली करायचा. आणि आम्हाला पत्र यायचं.

ते पत्र येऊ नये म्हणून ईनॉक होता. खात्याच्या टोकाला त्याची खोली. आतून बुचाच्या लाकडाने आणि नमद्याने मढवलेली, एक विजेची मोटार, एक लोखंडी चौकट. ॲक्सल चौकटीवर चढवायचा, मोटारीने फिरवायचा आणि ऐकायचा. ऐकायला त्याच्याकडे हातभर लांबीची काठी होती, पिवळ्या कठीण लाकडाची, दोन्ही टोकं झिजून गोल झालेली. एक टोक ॲक्सलच्या कवचावर, दुसरं कानाशी. पसंत पडला तर खडूने बरोबरची खूण. नाही पडला तर फुली, आणि फुलीखाली वेग.

तो मूळचा इथलाच. बाप रेल्वेत बॉयलर बनवायचा. हा चौदाव्या वर्षी कारखान्यात आला, लग्न केलं नाही, एडिथ नावाच्या बहिणीबरोबर राहिला. मेथडिस्ट पंथाच्या चॅपेलमध्ये खर्जात गायचा. साठ साली गाणं सोडलं. घसा बसतो, असं एडिथने माझ्या बायकोला सांगितलं. आम्ही कुणी हळहळलो नाही.

बोलणं कसं, तर असं. क्लेम टनिक्लिफ माझ्या शेजारी ॲक्सल बसवायचा. त्याचा एक परत आला तेव्हा तो खोलीत गेला.

"कुठे ऐकू आलं रे तुला?"

"अडतीसवर. पाय उचलताना."

"मला तर काही येत नाही."

"म्हणून तू बसवतोस आणि मी ऐकतो."

क्लेम बाहेर येऊन मला म्हणाला, "सिड, या माणसाला एकदा त्या मोटारीला जुंपलं पाहिजे."

मी म्हटलं, "नको. फुली मारेल स्वतःवर."

एकसष्टच्या ऑक्टोबरात एका आठवड्यात क्लेमचे तीन ॲक्सल परत आले. क्लेमची बायको तेव्हा आजारी होती, त्याचं लक्ष नव्हतं. हे सगळ्यांना माहीत होतं, ईनॉकलाही. फोरमन कॉपिकने क्लेमला उचलून आवार झाडायला लावलं. वीस वर्षं मुरलेल्या कारागिराला झाडू. दुसऱ्या दिवशी दहा वाजता युनियनचा आमचा प्रतिनिधी हॉरेस मोल्सडेल उठला आणि छताला टांगलेल्या रुळाच्या तुकड्यावर हातोड्याचे तीन ठोके दिले. आमच्याकडे तीन ठोक्यांचा अर्थ एकच, हातातलं खाली ठेवा आणि फाटकाबाहेर चला. ते ठोके संडासापर्यंत ऐकू जातात. कुणी कुणाला बोलवायला जात नाही.

एकसष्ट माणसं बाहेर पडली. ईनॉक पडला नाही. साडेबारापर्यंत तो खोलीत ॲक्सल फिरवत बसला. मग काठी बगलेत मारून जेवायला बाहेर आला तर खातं रिकामं. हे आम्हाला कॉपिकच्या कारकुनाने सांगितलं.

दीड दिवसाने क्लेमला परत घेतलं, ॲक्सलवर नाही, गोदामात. त्याच दुपारी जेवणघरात ईनॉकचा निवाडा झाला. हॉरेस त्याच्या समोर उभा राहिला.

"ईनॉक, ठोके पडले तेव्हा कुठे होतास?"

"खोलीत."

"ठोके ऐकलेस?"

मागून क्लेम म्हणाला, "त्याला काय विचारतोस, हॉरेस? त्याला पलीकडच्या गावातली माशी शिंकलेली ऐकू येते."

सगळे हसले. ईनॉक हॉरेसच्या तोंडाकडे बघत होता. बोलणाऱ्याच्या तोंडाकडे टक लावून बघायची त्याला अलीकडे खोड लागली होती. मला तो उद्धटपणा वाटायचा. तो म्हणाला, "ऐकले."

"मग बाहेर का नाही आलास?"

"काम हातात होतं."

पुढे बोलण्यासारखं काही उरलं नाही. फितुराला आमच्याकडे मारत नाहीत, वाळीत टाकतात. त्याच्याशी कुणी बोलायचं नाही, त्याच्या टेबलाला बसायचं नाही, त्याच्या हातून काही घ्यायचं नाही. हॉरेसने हात वर करायला सांगितले. पहिला हात माझा होता.

आम्ही ते नीट पाळलं. चहाची गाडी आली की सगळ्यांचे मग भरायचे, त्याचा रिकामा राहायचा. मग तो घरून बाटलीत चहा आणू लागला. जेवणघरात खिडकीजवळचं सहा जणांचं टेबल त्याचं एकट्याचं झालं. तिथे तो चीज आणि कांदा लावलेला पाव पाठ ताठ ठेवून खायचा. कुणीतरी त्याच्या खुर्चीला वंगण फासलं. तो उठला, कोटाकडे बघितलं, घरी गेला आणि दुसऱ्या दिवशी दुसरा कोट घालून आला. कॉपिक साहेबलोकांतला, त्याला आमचा नियम लागू नव्हता. पण त्यालाही खातं डिवचायचं नव्हतं, म्हणून तो कागद पाठवायचा. बाकी सगळा व्यवहार खडूने. आम्ही ॲक्सल दाराशी ठेवायचो, तो खूण करून बाहेर ढकलायचा. फुल्या कमी झाल्या नाहीत, वाढल्याही नाहीत. निदान सूड म्हणून वाढवायच्या होत्या. तेवढाही तो माणसात नव्हता.

अशी अडीच वर्षं गेली.

चौसष्टच्या मार्चमध्ये माझा एक ॲक्सल लागोपाठ दोनदा परत आला. दोन दिवसांचं काम मातीत. तिसऱ्यांदा मी तो स्वतःच ढकलगाडीवर घालून खोलीत नेला. नियम मोडत नव्हतो. बोलायचं नाही असं होतं, बघायचं नाही असं नव्हतं.

मोटार चालू होती. ईनॉक पाठमोरा, चौकटीवर वाकलेला. मी चेनपुलीने ॲक्सल उचलायला गेलो आणि आकडा निसटला. दोन मणांचं लोखंड हातभर उंचीवरून जमिनीवर पडलं. माझ्या दातांना झिणझिण्या आल्या.

ईनॉक वळला नाही.

मी दोन पावलं बाजूला सरकलो. काठीचं एक टोक कवचावर होतं. दुसरं कानाशी नव्हतं, दातांत धरलेलं होतं. डोळे मिटलेले. मी त्याच्या पाठीमागे उभा राहिलो आणि नेहमीच्या आवाजात म्हणालो, "ईनॉक, तू हलकट आहेस."

काही नाही. मग मी मोठ्याने म्हणालो. तरी काही नाही.

त्याने डोळे उघडले तेव्हा मोटारीच्या चकचकीत झाकणात त्याला मी दिसलो. त्याने काठी तोंडातून काढली, पुसली आणि मोटार बंद केली.

"किती वेळ उभा आहेस?"

मी वाळीत टाकलेल्या माणसाला उत्तर देणार नव्हतो. खडू उचलला आणि कवचावर लिहिलं: बहिरा?

त्याने ते बाहीने पुसलं. मग दार लावलं.

"कानातलं हाड आखडलंय म्हणे," तो हळू आवाजात म्हणाला. "हवेतून आलेलं पोचत नाही. हाडातून आलेलं पोचतं. दातांतून सगळं येतं. पूर्वीपेक्षा चांगलं येतं."

मी लिहिलं: कधीपासून?

"साठ."

मी हिशोब केला आणि लिहिलं: तीन ठोके?

"नाही ऐकले."

आता मात्र माझा खडू मोडला. त्याने दुसरा दिला आणि मी लिहिण्याआधीच म्हणाला, "कारण विचारू नकोस. कान गेलेल्या माणसाला ॲक्सल ऐकायला कोण ठेवेल? मला चार वर्षं राहिलीत. मी क्लेमसारखा झाडू हातात घेणार नाही. फितूर म्हणालात, चालेल. फितूर इथे बसू शकतो."

मग म्हणाला, "सांगणार असशील तर आजच सांग. वाट बघायला लावू नकोस."

मी ॲक्सल घेऊन बाहेर आलो.

मला दया आली असं कुणी समजू नये. मी संतापलो होतो. एका बहिऱ्याने चार वर्षं माझं काम नापास केलं होतं आणि मी मुकाट्याने उघडून पुन्हा बसवत होतो. कॉपिकच्या काचेच्या खोलीपर्यंत मी चालत गेलोही. दारात थांबलो. हातात पुरावा असावा म्हणून परत फिरलो. त्याची फुली खोटी ठरवायची आणि मग बोलायचं, असं ठरवलं. भोंगा झाल्यावर दोन तास थांबून मी तो ॲक्सल पूर्ण सोडवला, प्रत्येक शिम मायक्रोमीटरवर मोजली. पिनियनच्या मागची एक शिम एका कडेला दीड हजारांश जाड होती. कातताना राहिलेली. फिरताना पिनियन एवढंसं डुलत होतं. मी दोनदा उघडून ते मला दिसलं नव्हतं. त्याला दातांनी कळलं होतं.

मी शिम बदलली. कॉपिककडे गेलो नाही.

त्याच उन्हाळ्यात नवी गाडी आली. वरच्या साहेबांनी गाडीखालची जुनी जाड चौकट काढून टाकली होती. आता सगळा सांगाडा आणि पत्रा एकच तुकडा. गाडी बुटकी झाली, हलकी झाली. पण ॲक्सलचा आवाज आधी चौकटीत अडायचा, तो आता सरळ सीटखाली जाणार होता. म्हणून त्यांनी आवाज मोजणारं सुईचं यंत्र आणलं. एक पेटी, एक तार, कवचाजवळ धरायचा एक माईक. त्याबरोबर प्रायर नावाचा तिशीतला इंजिनियर. शुक्रवारी बारा ॲक्सल, आधी यंत्र, मग ईनॉक. यंत्र बरं निघालं तर ईनॉकची खोली यंत्राला.

चेनपुलीवर मला उभं केलं. प्रायर हात पुढे करून ईनॉककडे निघाला, तोंडात बोलणं तयार. ईनॉकचा चेहरा भिंतीसारखा झाला. एक-दोन वाक्यं त्याने ओठांवरून भागवली असती. दिवसभर नाही.

मी मध्ये गेलो.

"साहेब, याच्याशी इथे कुणी बोलत नाही."

"म्हणजे?"

"वाळीत आहे. तीन वर्षं होतील. या खात्यात कुणी त्याच्याशी बोललं की हॉरेस ठोके देतो आणि सगळे बाहेर."

"मी तुमच्या युनियनमध्ये नाही."

"ठोक्यांना ते कळत नाही."

प्रायरने कॉपिककडे बघितलं. "हे काय खूळ आहे?"

"खूळच आहे, साहेब," कॉपिक थकल्यासारखा म्हणाला. "पण मागच्या खुळात दीड दिवस काम बंद होतं. पाटीवर लिहा ना. आम्ही तसंच करतो."

पाटी आणली. प्रायर दिवसभर प्रश्न लिहीत राहिला, ईनॉक तोंडाने उत्तरं देत राहिला. काठी दातांत का, असंही त्याने लिहून विचारलं. ईनॉक म्हणाला, "सवय." त्याने एकदाही माझ्याकडे बघितलं नाही.

यंत्राने एक ॲक्सल नापास केला. ईनॉकने तो आणि आणखी तीन. त्या तिघांत एक माझा होता. तिन्ही आळीपाळीने नव्या गाडीला लावून रस्त्यावर नेले. त्यात आठवडा गेला. दोन कण्हले. एक कण्हला नाही, आणि तो माझा होता. एवढं समाधान मी करून घेतलं.

प्रायर प्रामाणिक होता. तो कॉपिकला म्हणाला, "माझी सुई खोलीतली मोटारही ऐकते, बाहेरचे हातोडेही ऐकते. हा माणूस तेवढं कवच ऐकतो. बाकीचे आवाज तो बाजूला कसे सारतो, कळत नाही."

मी चेनपुलीचा आकडा पुसत राहिलो. यंत्र शेजारी ठेवलं, ईनॉक राहिला.

हे इथे संपलं असतं तर बरं झालं असतं. पण नोव्हेंबरच्या सभेत हॉरेस उठला.

"ईनॉकला तीन वर्षं झाली," तो म्हणाला. "त्या यंत्राला त्याने पाणी पाजलं म्हणून आपल्यातला एक माणूस वाचला. उद्या तुमच्या बाकावरही यंत्र येईल. मला वाटतं, पुरे झालं. त्याच्याशी बोलू या."

क्लेम म्हणाला, "माझ्यापुरतं माझं काही नाही. झाडू माझ्या हातात आला होता, मीच म्हणतो, सोडा."

माणसं माना हलवत होती. काही जण खूश दिसत होते. माणूस सुटला की त्याला घेरतात, पाठीत थापट्या मारतात, चहा पाजतात, तीन वर्षांचं बोलतात. आठवड्याभरात त्याच्या कानांचं सगळ्या खात्याला कळलं असतं. खात्याला कळलं की कॉपिकला कळतं.

वाळीत टाकायला आमच्याकडे बहुमत पुरतं. काढायला मात्र एकाचाही विरोध चालत नाही. रिवाज जुना आहे, माझ्या बापाच्या वेळचा.

"कुणाचा विरोध?" हॉरेसने नुसतं विचारायचं म्हणून विचारलं.

मी हात वर केला.

"सिड? तुझं काय बिघडवलंय त्याने?"

"बाहेर पडला नाही."

"क्लेम सोडतोय."

"क्लेमने सोडावं. मी नाही सोडत."

"अरे, कारण तरी सांग."

"रिवाजात कारण सांगायचं नाही."

क्लेम माझ्याकडे बघत राहिला. "तुझे किती परत पाठवले रे त्याने, सिड? त्याचा राग काढतोयस?"

"हो," मी म्हणालो. खोटं सांगायला लागलं नाही.

पुढची तीन वर्षंही नोव्हेंबरात हॉरेसने विचारलं आणि मी हात वर केला. दुसऱ्या वर्षी कुणीतरी माझ्या बाकावर खडूने 'आकसखोर' लिहिलं. तिसऱ्या वर्षापासून जेवणघरात माझ्या शेजारची खुर्ची रिकामी राहू लागली. मला वाळीत टाकलं नव्हतं, पण बोलणं कामापुरतं उरलं. बायकोला चॅपेलमध्ये कळलं. ती म्हणाली, "एका म्हाताऱ्या माणसावर इतका डूख? मला तुझी लाज वाटते." मी तिला सांगितलं नाही. बाईमाणसाला सांगितलेलं एडिथकडे जातं, एडिथकडचं चॅपेलकडे.

ईनॉकला सूचनाफलकावर सगळं वाचायला मिळायचं: ठराव नामंजूर, विरोध एक. तो कुणाचा हे त्याला कळलंच असणार. त्याने मला कधी मान हलवूनही दाखवली नाही. त्या वर्षांत माझे एकोणचाळीस ॲक्सल परत आले.

अडुसष्टच्या जूनमध्ये एका शुक्रवारी तो निवृत्त झाला. वाळीत असलेल्याला निरोपाची वर्गणी नसते, भाषण नसतं. साडेचारच्या भोंग्याला त्याने काठी कोटाच्या आत घातली आणि निघाला. माझ्या बाकावरून गेला तरी थांबला नाही. मीही मान वर केली नाही. हॉरेस मात्र मुद्दाम माझ्याकडे बघत उभा होता.

मग मी त्याच्या खोलीच्या दाराशी माझा ॲक्सल घ्यायला गेलो. त्याने तपासलेला तो शेवटचा. त्यावर फुली होती. खाली वेग, एक्केचाळीस, पाय उचलताना.

सोमवारी मी तो उघडला. पहिल्यांदा काही सापडलं नाही. दुपारी पुन्हा उघडला. एका दाताच्या मुळाशी केसाएवढं लोखंडाचं कुसळ होतं. बारीक कानशीने घासलं, रंग लावून ठसा बघितला, ॲक्सल बसवला. दाराशी नेऊन ठेवला. आत नवा माणूस आला होता. तो म्हणाला, "काय म्हणतोस, दादा?"

मी सवयीने खडू उचलला.